कोलशेतचं सहावं होल

ठाण्याला मी निघाले ती एका माणसाला खोटं पाडायला. प्रवासाला निघण्याचं हे काही चांगलं कारण नव्हे, पण खरं तेच सांगते.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर माळावर गोल्फचं एक छोटंसं मैदान आहे. होल (चेंडू घालायचे खळगे) नऊच, आणि गवतापेक्षा दगड जास्त. दर शनिवारी आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी तिथे खेळतो आणि मग चहावर भांडतो. भांडणाचा विषय ठरलेला: जगातले आजवरचे सर्वांत थोर गोल्फपटू कोण? क्लबच्या वार्षिक अंकात दहा नावांची यादी द्यायची होती आणि ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. आमचे हे मोठ्या स्पर्धांची जेतेपदं मोजायचे. दुसरं कोणी म्हणायचं, लाकडी काठ्यांच्या काळात खेळले तेच खरे. मी दोन बायकांची नावं सुचवली, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "बायकांची यादी वेगळी करू." त्यावरून एका शनिवारी चहा गार झाला.

जोशी आमच्यातले सर्वांत शांत. एकदा ते म्हणाले, "मी पाहिलेला सर्वांत मोठा खेळाडू तुमच्या यादीत येणारच नाही. ठाण्याला कोलशेतच्या आमच्या कारखान्याच्या गोल्फ मैदानावर माळी होता. हिराजी भोईर. साहेबांच्या स्पर्धेत एक जण आयत्या वेळी आला नाही, म्हणून याला उभं केलं. नऊ होल एकतीस फटक्यांत! साहेबलोकांनी निकाल रद्द केला. माळ्याकडून हरणं झेपलं नाही त्यांना."

सगळे गहिवरले. मला मात्र वास आला. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. उत्तर डोळ्यांत भरण्यासारखं आणि पायऱ्या गायब, असा पेपर दिसला की शेजारच्या बाकावर कोण बसलं होतं ते मी आधी बघायची. नाहीतरी डोंबिवलीला भाचीकडे, केतकीकडे, जायचं होतंच. म्हटलं, वाटेत बघून येऊ हा हिराजी किती खरा ते.

*

एसटीने खोपटच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षाने ठाणे पूर्वेला कोपरीत गेले. जोशींनी पत्ता दिला होता तो अनंत प्रधानांचा. ते त्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्या दिवशी हिराजीचे मार्कर (समोरच्याचे फटके मोजून कार्डावर लिहिणारा खेळाडू) होते. म्हणजे प्रकरणातला एकमेव साक्षीदार.

स्टेशनालगतच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहतात. वय ऐंशीच्या पुढे. इस्त्रीचा सदरा, घरातही पायात मोजे. "या बाई, या. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" असं अगदी छापील मराठी. साबुदाण्याची खिचडी त्यांनी स्वतः केली होती, आणि उत्तम केली होती.

मी विषय काढला. ते उठले, कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं एक कार्ड घेऊन आले. पिवळं पडलेलं, नऊ रकान्यांचं. शेवटी एकतीस. खाली दोन सह्या, एक त्यांची, एक हिराजीची. आणि सगळ्यावरून तांबडी तिरपी रेघ.

"दुसऱ्या क्रमांकाच्या, चौतीस फटके लागलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केली," प्रधान म्हणाले, "की सहाव्या होलला हिराजीने चेंडू पायाने सरकवला. चौकशी झाली. मला विचारलं. मी सांगितलं, तेव्हा मी माझा चेंडू शोधत झुडपात होतो. मी काहीही पाहिलं नाही. तो स्वच्छ खेळल्याचा पुरावा नाही, म्हणून फेरीच रद्द केली."

हे त्यांनी इतक्या सफाईने सांगितलं, की पाठ केलेलं आहे हे मी ओळखलं. पाठांतरात मुलं जिथे श्वास घेतात तिथेच त्यांनी घेतला.

"मग हे कार्ड तुम्ही इतकी वर्षं का ठेवलंत?"

"जुनी सवय. कागद टाकवत नाहीत."

मी कार्ड उजेडात धरलं. सहाव्या रकान्यात तीनचा आकडा होता. बाकीचे आकडे झरझर लिहिलेले. या तीनच्या डोक्यावर मात्र शाईचा एक फुगीर ठिपका. त्यांनी कार्ड माझ्या हातून हळूच काढून घेतलं.

"बाई, तुमच्या यादीत त्याला घालू नका. जगातले थोर खेळाडू वेगळे. त्यांची पन्नास पन्नास वर्षांची कामगिरी लिहून ठेवलेली असते. नऊ होलांवर थोरवी ठरत नाही."

म्हणणं बरोबर होतं. तरी मला वाटलं, हा गृहस्थ मला हिराजीपासून लांब ठेवतोय.

*

कोलशेतला पोचायला दीड तास लागला, कारण रिक्षावाल्याने मला एकसारख्या नावांच्या तीन संकुलांपैकी चुकीच्या संकुलात सोडलं. "मॅडम, सगळे टॉवर सेमच आहेत, मी पण चुकतो," म्हणाला आणि गेला. कारखाना केव्हाच पाडला आहे. जिथे मैदान होतं तिथे आता तीस-तीस मजले उभे आहेत. मागे जुनं गाव मात्र शिल्लक आहे. अरुंद गल्ल्या, देवळापुढे वाळत घातलेलं सोडे-सुकट, आणि मधूनच चार मजली झगझगीत बंगला.

अशाच एका बंगल्यात हिराजीचे धाकटे भाऊ काशिनाथ राहतात. गळ्यात जाड साखळी, कपाळाला आठ्या.

"कनचे बिल्डरनं पाठवली तुला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही. मी गोल्फबद्दल विचारायला आले."

"गोल्फ? जमिनीचा काय नाय ना? सही-बिही नाय ना कनची?"

माझी पिशवी उघडून दाखवावी की काय असं मला वाटायला लागलं. शेवटी त्यांची बायको आतून आली. "उन्हातशी आली बाय, पानी तरी द्या," म्हणाली आणि मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा लहान मासा). मी देशावरची, आधी नुसता रस्सा घेतला, मग मागून मागून मासे खाल्ले.

जेवण झाल्यावर काशिनाथ निवळले. "माझ्या भावासारका कोन खेललाच नाय. त्या प्रधानानं घात केला. डोल्यानं बगून पन नाय बोलला. साहेबाला भ्याला. आमचे गावात त्याचा नाव कोनी घेत नाय." मग त्यांनी काचेच्या कपाटातला कप काढला. "यो बग, जिंकलेला कप."

पिवळाधमक कप. वर एक छोटी मूर्ती. मी चष्मा पुसून पाहिलं. मूर्तीच्या पायांना पॅड होते.

"हा तर क्रिकेटवाला आहे."

"हातात दांडा हाय ना?" काशिनाथ म्हणाले. "मग झाला तर."

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. साहेबांनी काढून घेतलेल्या जेतेपदाचा कप घरात, आणि त्यावर फलंदाज! सगळी रचलेली गोष्ट.

तरी सहावं होल कुठे होतं ते दाखवा म्हटलं. ते मला टॉवरांच्या कुंपणामागून खाडीकडे घेऊन गेले. तिथे एक नाला उरला आहे, कडेला कमरेइतकं गवत, पुढे तिवरं आणि ओहोटीचा करडा चिखल. "या नाल्यात बॉल परला व्हता." मी दोन पावलं पुढे टाकली आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल गेली. काशिनाथ काठीने ढवळत राहिले, पण खाडीने ती परत दिली नाही. त्यांच्या बायकोच्या प्लास्टिकच्या सपाता घालून मी डोंबिवलीला भाचीच्या दारात उभी राहिले.

*

खोटं पकडलं होतं. पुढे जायची गरज नव्हती. पण हिराजी जिवंत आहेत आणि डोंबिवलीतच, पश्चिमेला खाडीच्या बाजूला मुलीकडे राहतात, हे काशिनाथनी निघताना सांगितलं होतं. केतकी म्हणाली, "मावशी, इतकी आली आहेस तर भेटून ये ना. मी सोडते." दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दार सुगंधाने उघडलं. हिराजींची ही मुलगी, चाळिशीची, शाळेत शिक्षिका. मीही शिक्षिका म्हटल्यावर लगेच चहा टाकला. हिराजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. सुकलेल्या खारकेसारखा माणूस, मनगटं मात्र जाड. सुगंधाच्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशी स्पर्धेचं चित्रीकरण बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"प्रधानानं पाठवली?"

"नाही. मी स्वतःच आले."

"मना काय बोलायचा नाय."

"बाबा, त्या लांबून आल्यात," सुगंधा म्हणाली. "सॉरी हां मॅडम. यांना तो विषयच नको असतो. मी लहानपणी शाळेत भाषणात सांगितलेलं यांच्यावर अन्याय झाला ते, तर आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

हे मला विचित्र वाटलं. अन्याय झालेला माणूस आपला अन्याय सांगू देत नाही? मी सरळ विचारायचं सोडून दिलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे भांडण चाललंय. जगात सगळ्यांत मोठा खेळाडू कोण?"

त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. "तुमी काय मोजता?"

"जेतेपदं."

"ह्या! सरल गवतात सगलेच देव. बॉल खड्ड्यात जाऊ दे, झाराचे मुलात अडकू दे, तवा बगायचा तोंड. एक बाई हाय, बगतंय मी हिच्यात." त्यांनी मोबाइल उंच केला. "वाऱ्यात अशी मारते ना, बापय बगत रातील. तिचा नाव तुमचे यादीत हाय?"

"बायकांची यादी वेगळी म्हणतात."

"बॉलाला काय कलतंय कोन बाई नि कोन बापय?"

मी एवढी खूश झाले, की क्षणभर संशय विसरले. मग आम्ही तासभर बोललो. गवताचा कल कसा बघायचा, सकाळच्या दवात चेंडू किती घसरतो. ते खेळ कोणाकडून शिकले नव्हते. दहा वर्षं ते गवत कापत होते, त्यामुळे जमीन त्यांना तळपायाने कळायची. दुपारी साहेब जेवायला गेले की टाकून दिलेल्या काठीने मारून बघायचे. कपाचंही त्यांनीच सांगितलं. निकाल रद्द झाल्यावर गावातले लोक चिडले, ठाण्याला गेले आणि स्वतःच कप घेऊन आले. दुकानात गोल्फवाला मिळाला नाही, म्हणून क्रिकेटवाला आणला. "मी हात नाय लावला त्याला," ते म्हणाले. "भावानं ठेवला."

म्हणजे कपाचा खोटेपणा माझ्याच डोक्यातला होता. मला ओशाळल्यासारखं झालं. पण सवय जात नाही. मी वही काढली. "नऊ होल एकेक करून सांगाल?"

त्यांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वीचा एकेक फटका त्यांना पाठ होता. वारा कुठून होता, चेंडू कुठे टेकला. "चार. तीन. चार. चार. तीन." मग थांबले. "सहाव्याला नाला. चार. मग तीन, तीन नि शेवटाला चार."

मी बेरीज केली. पुन्हा केली.

"बत्तीस होतात," मी म्हटलं. "कार्डावर एकतीस आहे. सहाव्याला तीन आहेत तिथे."

त्यांनी डोळे उघडले. सुगंधा कपबशा घेऊन उभी होती ती तशीच राहिली.

मग हिराजी म्हणाले, "नाल्यात बॉल व्हता. मी काठी मारली, ती गवतात गुतली. बॉल हललाच नाय. फुकट गेली काठी. मग दुसरी मारली, ती सरल होलापाशी." त्यांनी मनगट चोळलं. "फुकट गेलेली पन मोजायची असते. मना ठाव व्हता. कोनी बगला नाय, म्हून मी गप रायलो."

"बाबा!"

"पाय नाय लावला मी बॉलाला. त्यो साहेब खोटा बोलला. पन मी पन खोटाच ना."

दुसऱ्या क्रमांकाला चौतीस फटके लागले होते, हे मला प्रधानांनीच सांगितलं होतं. बत्तीस सांगितले असते तरी हा माणूस दोन फटक्यांनी जिंकला असता. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडलं तसं त्यांनी हाताने थांबवलं.

सुगंधा आत गेली. भांडी जरा जोरातच वाजली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही प्रधानांच्या नावाने बोटं मोडली ती? काका तर लग्नकार्यात त्यांच्याकडे पाठ करून बसलेले. तुम्ही बघत होतात ना सगळं?"

"त्यानं बगला नाय. बगला नाय तेच सांगितला. त्याची काय चूक नाय." हिराजी माझ्याकडे वळले. "बाय, तुला त्याचा घर ठाव हाय. मना नेशील?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीच्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे केतकी आणि मी, मागे बापलेक, दोन खिडक्यांना दोघं. शिळफाट्याला तुंबलो, मुंब्र्याचा डोंगर गेला, कळव्याच्या पुलावर खाडी भरतीने तटतटलेली दिसली. सुगंधा वडिलांशी एक शब्द बोलली नव्हती. मी मनात म्हणत होते, घरात बसून यादी लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

कोपरीचे दोन जिने हिराजी चार वेळा थांबून चढले. दार प्रधानांनीच उघडलं. मी ओळख करून देणार तोच ते म्हणाले, "हिराजी."

हिराजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "साहेब, सहाव्याला माझी काठी हुकलेली. चार जाले. मी तीन सांगितले."

प्रधानांनी चष्मा काढला. "माहीत आहे मला. गवत हललं, चेंडू हलला नाही. मी पाहिलं होतं."

माझ्या शेजारी सुगंधाने दाराची चौकट धरली.

"पण तुम्ही तर झुडपात..." मी म्हटलं.

"झुडपात होतो, बाई. झुडपातून दिसतं." ते हिराजींकडेच बघत होते. "कार्ड लिहिताना सहाव्या रकान्यावर पेन टेकवून थांबलो होतो मी. वाटलं, तू सांगशील. तू खाली बघत राहिलास. मग लिहिले तीन. पुढे चौकशीत सगळं बोललो असतो तर तुला कामावरून काढलं असतं. मुलगी तुझी पाळण्यात होती. 'स्वच्छ खेळला' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून पाहिलंच नाही म्हणालो."

मला वाटलं, आता हिराजी रडतील, पाया पडतील. तसं काही झालं नाही. ते संतापले.

"मना सांगायचा व्हता! एकट्याला बाजूला घेऊन सांगायचा व्हता! मी इतकी वरसं समजत व्हतो, ही गोष्ट मना एकट्यालाच ठाव हाय. तुमी मना चोर समजून गप रायलात?"

"आणि तू मला गावात भ्याड म्हणू दिलंस, ते?" प्रधानांचाही आवाज चढला. ऐंशीच्या घरातले दोन म्हातारे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं.

शेवटी सुगंधाच बोलली. "प्रधानकाका, बाबांना जास्त वेळ उभं राहवत नाही. आत बसून भांडा."

ते आत बसले. प्रधानांनी पाणी आणून ठेवलं. हिराजी ते प्यायले. मग समोरच्या भिंतीवर एका परदेशी मैदानाचं चित्र होतं, त्याकडे बघून हिराजी म्हणाले, "या होलाला डावीकडशी मारायला पायजे."

"अजिबात नाही," प्रधान म्हणाले. "डावीकडे उतार आहे. मोठमोठे फसलेत तिथे."

"ते फसले, कारन त्यांनी गवत कापला नाय कदी."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी उठले तेव्हा दोघांची थोरांत थोर कोण यावर जुंपली होती आणि मला निरोप द्यायचंही भान कोणाला नव्हतं.

*

घरी आल्यावर शनिवारी सगळ्यांनी विचारलं, "काय मग? खोटा निघाला का?" मी सगळं सांगितलं. जोशी बराच वेळ चहा ढवळत बसले. हे म्हणाले, "म्हणजे यादीत घालायचं की नाही?"

मी हिराजींना दहांत घातलं नाही. प्रधानांचं म्हणणं खरं आहे, नऊ होलांवर ते ठरत नाही. वाऱ्यात मारणारी ती बाई मात्र घातली, आणि या वेळी कोणी वाद घातला नाही. यादीच्या खाली वेगळी एक ओळ लिहिली: हिराजी भोईर, कोलशेत, नऊ होल, बत्तीस फटके.

मी खोटं शोधायला गेले होते आणि ते सापडलंही. कार्ड खोटं, साक्ष खोटी, कप दुसऱ्याच खेळाचा. कपाचा सोडला तर माझा प्रत्येक संशय बरोबर ठरला, आणि तरी त्या दोन माणसांबद्दल मी मनात जे जे ठरवलं होतं ते सगळं चुकलं. आता यादीतली ती दहा नावं वाचते तेव्हा वाटतं, यांची कार्डं जगाने पाहिली. यांच्या नाल्यातलं गवत कोणी पाहिलं असेल?

पंधरा दिवसांनी सुगंधाचा निरोप आला. बाबा दर गुरुवारी कोपरीला जाऊन बसतात म्हणे. काशिनाथकाकांना अजून काही सांगितलेलं नाही, ते सांगायचं धाडस बाबा गोळा करताहेत. शेवटी तिने लिहिलं होतं, "मी अजून रागावलेलीच आहे, मॅडम. पण जिने चढताना हात धरायला मीच जाते."